जबड्याच्या सांध्याचं जुनाट दुखणं आणि जैविक इंजेक्शनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानापुढचा सांधा महिनोन्‌महिने दुखतो, घास चावताना कळ येते, जांभई द्यायची भीती वाटते, आणि कुणीतरी सांगतं की आता रक्तातून काढलेलं इंजेक्शन मिळतं. रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या रुग्णांकडून आणि घरच्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं हे यावरून ठरवता येईल.

जैविक इंजेक्शन म्हणजे नेमकं कोणतं?

या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली म्हणजे रुग्णाच्याच रक्तापासून त्याच बैठकीत तयार करून थेट सांध्यात सोडायचं द्रव्य : पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव, आणि आय-पीआरएफ, म्हणजे इंजेक्शनने देता येणारं, प्लेटलेट जास्त असलेलं फायब्रिन (रक्त गोठताना जाळं धरणारं प्रथिन). दुसरी म्हणजे कारखान्यात बनलेली अडॅलिमुमॅब, इटॅनरसेप्ट यांसारखी प्रथिन-औषधं. ती आमवातासारख्या आजारात पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात आणि त्यांचा परिणाम सगळ्या अंगावर होतो. खालचे बहुतेक प्रश्न पहिल्या प्रकाराबद्दल आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

माझं दुखणं सांध्याचंच आहे हे कसं ठरतं?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण सांध्यात सोडलेलं औषध स्नायूच्या दुखण्याला उपयोगी पडत नाही. जबड्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत स्नायूचं दुखणं फार मोठ्या प्रमाणात आढळतं.

सांधा दुखत असेल तर रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो : कानाच्या भोकापुढे जो छोटा कूर्चेचा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे. तिथे बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की कळ उमटते. स्नायू दुखत असेल तर रुग्ण अख्खा तळहात गालावर किंवा कानशिलावर फिरवतो. रात्री दात खाण्याची सवय असेल तर हे दुखणं सकाळी उठल्यावर जास्त जाणवतं.

डॉक्टरांकडे एक सोपी चाचणी असते. लाकडी पट्टी एका बाजूच्या दाढांमध्ये घट्ट चावायला लावतात. उजवीकडे चावल्यावर डाव्या सांध्यावर भार पडतो. तेव्हा डावीकडे कळ आली आणि पट्टी डावीकडे धरल्यावर बरं वाटलं, तर डाव्या सांध्याचा संशय बळावतो. आणखी एक पक्की खूण म्हणजे सांध्याची संवेदना नेणाऱ्या कानापुढच्या नसेभोवती थोडं भुलीचं औषध देऊन पाहणं. पंधरा मिनिटांत दुखणं जवळजवळ थांबलं तर ते सांध्यातून येत होतं असं मानायला जागा आहे. थांबलं नाही, तर पीआरपीचा विचार बाजूला ठेवून कारण दुसरीकडे शोधावं. ही चाचणी न करता पाच इंजेक्शनांचं पॅकेज पुढे करणाऱ्यांपासून सावध राहा.

आवाजाचंही सांगतो. ‘कट्’ असा एकच आवाज म्हणजे सांध्यातली चकती पुढे सरकलेली असून तोंड उघडताना जागेवर येते. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. ओल्या वाळूवर चप्पल घासावी तसा करकर आवाज हाडाची पृष्ठं झिजल्याकडे बोट दाखवतो. आणि आधी कट्कट् वाजणारा जबडा एके दिवशी वाजायचा थांबला, तोंड २५–३० मिलीमीटरच उघडू लागलं आणि उघडताना दुखऱ्या बाजूला वळू लागलं, तर चकती पुढे अडकली आहे. तेव्हा लवकर दाखवा. जितका उशीर, तितका सांधा आखडत जातो.

तोंड कमी उघडतं. म्हणजे सांधाच बिघडला ना?

तसं नाही. सुपारी, मावा किंवा गुटखा खाणाऱ्यांत तोंड न उघडण्याचं मोठं कारण म्हणजे गालाच्या आतलं अस्तर घट्ट होणं, म्हणजेच सबम्युकस फायब्रोसिस. त्यात तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरके आणि कडक लागतात, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे जाणवतात, आणि कानापुढे दुखत नाही. इथे सांध्यात इंजेक्शन देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. त्याहून गंभीर बाब अशी की या अवस्थेतून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून तपासणी टाळू नका. श्रीवर्धनची सुपारी घरच्या बागेतली, म्हणून निर्धोक, हा समज चुकीचा आहे. नुसती सुपारीसुद्धा हा आजार देते.

अक्कलदाढेचा पू आणि कानाचा जंतुसंसर्ग यांनीही तोंड आखडतं. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर धनुर्वात समजून थेट मोठ्या रुग्णालयात जा. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकतो आणि नजर अंधूक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्रम केल्यावर जबडा दुखतो आणि थांबल्यावर शमतो, तर आधी ईसीजी काढा.

कोणत्या तपासण्या लागतात?

पहिली तपासणी म्हणजे एक पट्टी. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. साधारण ३५ ते ५० मिलीमीटर ठीक समजतात. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत. हा आकडा दर आठवड्याला वहीत लिहा. उपचाराचा फायदा होतोय की नाही हे पुढे यावरूनच कळेल.

ओपीजी, म्हणजे जबड्याचा सलग एक्स-रे, आता तालुक्याच्या गावातही निघतो. दाढा आणि हाडाची ढोबळ झीज त्यात दिसते, चकती दिसत नाही. हाड नीट पाहायचं तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), चकती आणि सांध्यातलं पाणी पाहायचं तर एमआरआय. एमआरआय ‘तोंड मिटून आणि उघडून’ अशा दोन्ही स्थितींत हवा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि निघण्याआधी केंद्राला फोन करून विचारा. नाहीतर नुसत्या मिटलेल्या तोंडाच्या फिल्म घेऊन परत यावं लागतं. बोटांचे सांधेही सकाळी अर्धा-पाऊण तास आखडत असतील तर आमवात आहे का हे पाहायला सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करून घ्या.

इंजेक्शनच्या आधी काय करून पाहायचं?

निदान सहा ते बारा आठवडे साधे उपाय नेटाने. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने जबड्याच्या जुनाट दुखण्यावर एक मार्गदर्शिका छापली. तिचा जोरदार कौल जबड्याचे व्यायाम आणि ताण, प्रशिक्षित हाताने सांधा-स्नायू सैल करणं, मानेची ठेवण सुधारणं आणि दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारं समुपदेशन यांना आहे. सांधा धुणं (त्याबद्दल पुढे), स्टिरॉइड, हायलुरॉनिक आम्ल (सांध्याला वंगण देणारं द्रव्य) आणि बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) यांच्याबाबत तिचा कल ‘शक्यतो नको’ असा आहे. तोंड अडकलेल्या, एमआरआयमध्ये सांध्याचा दाह स्पष्ट दिसणाऱ्या निवडक रुग्णाला सुईचा फायदा होतो असं आमचं मत आहे, पण ती तिसरी पायरी आहे, पहिली नाही.

साध्या उपायांचं मूळ एका वाक्यात : ओठ मिटलेले, दात विलग, जीभ टाळूला. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती दिवसभर असावी. जेवण आणि गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागण्याचं काही कारण नसतं. मोबाइलवर, शेजघरात, दुकानाच्या गल्ल्यावर एक छोटी टिकली चिकटवा आणि ती दिसली की दात तपासा.

पीआरपी आणि आय-पीआरएफ यांत फरक काय? ती बनतात कशी?

पीआरपीसाठी साधारण १० ते २० मिली रक्त, ते गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या नळीत घेतात. सेंट्रिफ्यूज यंत्रात ते सहसा दोनदा फिरवतात. पहिली फेरी हळू, तीत लाल पेशी तळाला जातात. वरचा पिवळा भाग दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा जोरात फिरवला की प्लेटलेट तळाशी जमतात. वरचा पातळ रक्तद्रव काढून टाकून उरलेला एक-दोन मिली हलवून घेतला की पीआरपी तयार. रक्तात प्लेटलेट एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीत त्या तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त व्हायला हव्यात.

आय-पीआरएफमध्ये गोठण रोखणारं काहीच नसतं. साध्या प्लॅस्टिकच्या नळीत १० मिली रक्त घेतात आणि लगेच, अगदी मिनिटाभरात, कमी वेगाने फिरवतात. प्रचलित पद्धत ७०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ३ मिनिटं अशी आहे. वर जो पिवळा-केशरी थर येतो तो जेमतेम एक मिली असतो, आणि तो दहा-पंधरा मिनिटांत गोठतो. गोठल्यावर तो फायब्रिनचं जाळं होऊन सांध्यात राहतो आणि त्यातले वाढ-घटक (ऊती भरून यायला मदत करणारी प्रथिनं) हळूहळू सुटतात, हा त्याचा अपेक्षित फायदा. काचेची नळी वापरली तर रक्त यंत्रातच गोठून जातं. दोन्ही सांध्यांना द्यायचं असेल तर किमान दोन नळ्या लागतात.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, शीर सापडेना म्हणून सुई फिरवत राहिलं तर पेशी फुटतात आणि गोठण सुरू होते. दंड घट्ट बांधून पाच मिनिटं ठेवण्याचा परिणामही तोच. दुसरं, आरपीएमवर आंधळा विश्वास. खरा जोर यंत्राच्या त्रिज्येवर अवलंबून असतो : त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. ११ सेंटीमीटर त्रिज्येच्या यंत्रावर ७०० आरपीएमला जोर ६० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साठपट, भरतो. तेच ८ सेंटीमीटरच्या लहान यंत्रावर ४४ जी आणि १५ सेंटीमीटरच्या मोठ्यावर ८२ जी. म्हणजे दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा तसाच उचलला तर नळीत काय आलं ते सांगता येत नाही. तिसरं म्हणजे समोरासमोर दोन नळ्या सारख्या वजनाच्या न ठेवणं. यंत्र थरथरतं, थर मिसळतात. एकच नळी असेल तर समोर तेवढंच पाणी भरलेली नळी हवी.

मध्येच वीज गेली तर?

पावसाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न रास्त आहे. यंत्र अचानक थांबून पुन्हा सुरू झालं तर थर हलतात आणि फेरीचा एकूण वेळ चुकतो. ते रक्त टाकून नवं घ्यावं, त्यावरच ‘अजून दोन मिनिटं’ फिरवू नये. दवाखान्याचा इन्व्हर्टर सेंट्रिफ्यूज ओढतो का हे बिनदिक्कत विचारा. मे महिन्याच्या उकाड्यात आय-पीआरएफ लवकर गोठतं, म्हणून सांध्यावरची सगळी तयारी, भूलसुद्धा, रक्त काढण्याआधी झालेली असावी.

इंजेक्शनआधी सांधा ‘धुतात’ ते कशासाठी?

या धुण्याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात. १९९१ मध्ये डोरिट निट्झान आणि सहकाऱ्यांनी तोंड अचानक अडकलेल्या रुग्णांसाठी ही दोन सुयांची पद्धत मांडली. चकतीमुळे सांध्याचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे होतात. वरच्या कप्प्यात एका सुईने रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखा द्रव) सोडतात, दुसऱ्या सुईने ते बाहेर येतं. साधारण १०० मिली, काही ठिकाणी २०० ते ३०० मिली द्रव वापरतात. त्याने दाह वाढवणारी द्रव्यं वाहून जातात, हलक्या चिकटणी सुटतात आणि दाबाने कप्पा मोकळा होतो. मग त्याच सुईतून पीआरपी किंवा आय-पीआरएफ सोडून सुई काढतात. नुसत्या धुण्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. म्हणूनच ‘धुणं अधिक पीआरपी’ने बरं वाटलं तेव्हा श्रेय कुणाचं हे सांगणं अवघड जातं.

प्रत्यक्ष इंजेक्शन कसं देतात? फार दुखतं का?

कानाच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ आखतात. पहिली खूण उंचवट्यापुढे १० मिलीमीटर आणि रेघेखाली २ मिलीमीटर, धुण्याची दुसरी सुई २० मिलीमीटर पुढे आणि १० मिलीमीटर खाली. कानात कापसाचा बोळा घालतात, कातडी जंतुनाशकाने पुसतात, भूल देतात. मग तोंड मोठं उघडायला सांगतात. त्याने हाडाचा गोळा पुढे सरकतो आणि मागची जागा मोकळी होते. सुई आत गेल्यावर थोडा द्रव सोडला की खालचा जबडा किंचित हलतो. हलला की सुई कप्प्यात आहे.

वरच्या कप्प्यात जेमतेम सव्वा मिली मावतं, म्हणून पीआरपी अर्धा ते एक मिलीच देतात. जास्त ढकललं तर ते बाहेर झिरपतं आणि गाल सुजतो. भुलीची सुई टोचते, नंतर दाब आणि कानात ‘दडा’ बसल्यासारखं वाटतं. धुण्यासकट एका बाजूला अर्धा तास धरा.

जबडा वारंवार निखळतो. मलाही हेच देतील का?

नाही, तुमचा हेतू उलट आहे. निखळणाऱ्या सांध्याला आखडवायचं असतं. त्यासाठी न फिरवलेलं, साधं स्वतःचं रक्त देतात : साधारण २ मिली वरच्या कप्प्यात आणि १ मिली सांध्याच्या भोवतीच्या आवरणात. १९६०च्या दशकापासून ही पद्धत आहे. त्यानंतर दोन आठवडे पट्टी बांधून तोंड कमी उघडायचं असतं, पीआरपीनंतरच्या व्यायामाच्या अगदी विरुद्ध. दोन्हीकडे ‘रक्ताचं इंजेक्शन’ असंच म्हणतात. तुम्हाला कोणतं दिलं ते कागदावर लिहून घ्या.

चालू गोळ्या बंद कराव्या लागतात का?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आधी ७ दिवस आणि नंतर साधारण दोन आठवडे टाळायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटचं काम दाबतात. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतं, हे लक्षात राहत नाही. दुखलंच तर पॅरासिटामॉल, धडधाकट प्रौढाने दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. दारू घेणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं कमी प्रमाण पाळावं. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती बंद करता येत नसेल तर पीआरपी रद्द करावं, गोळी नाही.

महिन्यापूर्वी डेंग्यू झाला होता. चालेल?

प्लेटलेट मोजा. डेंग्यू, लेप्टो आणि मलेरिया तिन्हींत त्या उतरतात, आणि जुलै ते ऑक्टोबर हे तिन्ही आपल्याकडे फिरत असतात. ताज्या सीबीसीत दीड लाखाच्या खाली असतील तर थांबा. अंगात ताप, कानापुढच्या कातडीवर पुरळ किंवा गळू, चालू कर्करोगोपचार, रक्ताचा आजार किंवा गर्भारपण असेल तर हे इंजेक्शन पुढे ढकलतात किंवा टाळतात.

घरी आल्यावर काय होणं साहजिक आहे आणि कशाची काळजी करावी?

सांध्यात द्रव असल्याने त्या बाजूच्या दाढा एक-दोन दिवस नीट मिळत नाहीत. घाबरून दात जुळवत बसू नका, तो द्रव शोषला जातो. पहिले दोन-तीन दिवस दुखणं आधीपेक्षा वाढू शकतं. कानापुढे सूज असेल तर पहिल्या दिवशी गार कापड दहा-दहा मिनिटं ठेवा, तिसऱ्या दिवसापासून ओला शेक १५–२० मिनिटं.

भूल चेहऱ्याच्या नसेपर्यंत पसरली तर कपाळाला आठी पडत नाही आणि त्या बाजूची पापणी मिटत नाही. काही तासांत हे उतरतं, पण तोवर डोळा कोरडा पडतो. डोळ्यावर स्वच्छ गॉज चिकटवा आणि दुचाकी चालवू नका. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरून यायचं असेल तर सोबत माणूस आणा, जमलं तर रात्री तिथेच राहा.

दुसऱ्या दिवशीही पापणी मिटत नाही, सूज उतरायच्या ऐवजी वाढते, ताप येतो, कानातून रक्त किंवा पाणी येतं, ऐकू कमी येतं, चक्कर थांबत नाही, यांपैकी काहीही झालं तर फोनवर न भागवता दाखवा. सूज गळ्याकडे उतरून श्वास किंवा गिळणं जड झालं तर जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

काय खायचं?

पहिले दोन दिवस पातळ, नंतर दोन आठवडे मऊ. या बाबतीत आपलं जेवण सोयीचं आहे : उकड्या तांदळाची पेज, गुरगुट्या भात, कुळथाची पिठी, घावणे, आंबोळी, मऊ शिजलेला काट्याविना मासा, सोलकढी, आंब्याचा रस. घास लहान करून दोन्ही बाजूंनी चावा.

दोन आठवडे बाजूला ठेवायचं ते : तांदळाची कडक भाकरी, सुकट-सोडे, माकूल आणि तिसऱ्या (शिंपल्या) यांसारखं चिवट, खाजा, चकली, ऊस, काजूगर भाजून. फणसातला कापा नको, बरका चालेल. बोंडू-पेरूला तोंड वासून चावा घेऊ नका, चिरून खा. सुपारी दोन आठवड्यांसाठी नाही, कायमची सोडा. तासन्‌तास चघळण्याने सांध्यावर जो भार पडतो तो कुठल्याही इंजेक्शनला पुरून उरतो.

व्यायाम कधीपासून आणि कसे?

सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. जीभ टाळूला टेकवून, ती न सोडता जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडा-मिटा. सहा वेळा, दिवसातून सहा फेऱ्या. आरशात पाहा, हनुवटी एका बाजूला पळता कामा नये. आठवड्यानंतर अंगठा वरच्या आणि मधलं बोट खालच्या दातांवर कात्रीसारखं ठेवून हलका ताण द्या, दहा सेकंद धरा. तोंड अडकलेल्यांसाठी आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या उपयोगी पडतात : सहज मावतील तेवढ्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांनी एक वाढवायची. कळ आली तर एक कमी करा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ.

सुई देऊन आलेला रुग्ण महिनाभराने ‘फरक नाही’ म्हणतो तेव्हा आधी या फेऱ्यांची चौकशी करावी. धुण्याने मोकळा झालेला सांधा हलवला नाही तर पुन्हा आखडतो.

किती इंजेक्शनं लागतात? कायमचं बरं होतं?

कुणी एकच देतं, कुणी एक ते चार आठवड्यांच्या अंतराने तीन. सर्वमान्य संख्या ठरलेली नाही. बऱ्याच लहान चाचण्यांत, धुण्यानंतर पीआरपी किंवा आय-पीआरएफ दिलेल्यांचं दुखणं सहा महिने ते वर्षभरात नुसत्या धुण्यापेक्षा जास्त कमी झालेलं दिसलं. काहींत फरक दिसला नाही. प्रत्येकाची बनवण्याची रीत वेगळी असल्याने सरसकट आकडा सांगणं योग्य नाही. सरकलेली चकती याने जागेवर येत नाही. झिजलेली कूर्चा ‘पुन्हा उगवते’ हा दावाही माणसांत सिद्ध झालेला नाही. दुखणं कमी आणि तोंड जास्त उघडणं एवढीच अपेक्षा ठेवा. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर आठ आठवड्यांत वहीतला आकडा हलला नसेल, तर तिसऱ्याला पैसे देण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या.

स्टेम सेल (मूळ पेशी) आणि एक्सोसोमच्या (पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) जाहिराती येतात, त्यांचं काय?

घेऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधन-चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

मग स्टिरॉइड किंवा बोटॉक्स स्वस्त आणि मस्त नाही का?

स्टिरॉइडने दाह लवकर उतरतो, पण त्याच सांध्यात वारंवार दिल्यास कूर्चेचं नुकसान होतं. वाढीच्या वयातल्या मुलांत तर फारच जपून. बोटॉक्स स्नायूत देतात, सांध्यात नाही, आणि तीन-चार महिन्यांत उतरतं.

आमवातासाठी अडॅलिमुमॅब सुरू करायला सांगितलंय. ते जबड्यालाही लागू पडेल?

आमवात किंवा मुलांमधल्या संधिवाताने जबड्याचा सांधा धरला असेल तर मूळ आजार आटोक्यात आल्यावर जबड्यालाही आराम पडतो. तिथे पीआरपीने काम भागत नाही, संधिवाततज्ज्ञच हवेत. नेहमीची मात्रा ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, कातडीखाली. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयासाठी मॅन्टू (कातडीवरची चाचणी) किंवा इग्रा (रक्ताची चाचणी), आणि हिपॅटायटिस बी तपासणं आवश्यक आहे, कारण या औषधाने शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. ताप असताना मात्रा घ्यायची नाही, आधी फोन करायचा. लावणीच्या चिखलातून आल्यावर आलेला ताप लेप्टोचा असू शकतो, तो तर अजिबात अंगावर काढू नका.

साठवण २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागून नको. एकदा गोठलेलं इंजेक्शन टाकून द्यायचं. वादळात दोन-दोन दिवस वीज नसते अशा गावांत थर्मॉस आणि गोठवलेले जेल-पॅक घरात ठेवा, मात्र इंजेक्शन आणि जेल-पॅक यांच्यामध्ये जाड टॉवेल हवा. काही कंपन्या २५ अंशांपर्यंत ठराविक दिवस बाहेर ठेवायची मुभा देतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान त्याच्या वरच असतं, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नका.

कुठे दाखवायचं? योजनेत बसतं का?

मुख आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेले सर्जन, म्हणजे ओरल सर्जन, हे काम करतात. खेडच्या योगिता दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. सिंधुदुर्गकरांना बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय जवळ पडतं, रायगडकरांना मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर दंत रुग्णालय. तपासणी सगळीकडे होईल. पीआरपी त्या दिवशी होईलच असं नाही, म्हणून आधी फोन करा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचाराच्या नेमक्या नावासकट विचारा. खाजगी विमा असेल तर कंपनीकडून आधी लेखी होकार घ्या. अंदाजपत्रकात धुणं, किट, इंजेक्शन आणि फेरतपासणी यांचे आकडे वेगवेगळे मागा. किट एकदाच वापरायचं, तुमच्यासमोर फोडलेलं, आणि नळीवर तुमचं नाव लिहिलेलं असावं.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी येतोच आहे, तेव्हाच करून घेतलं तर?

उकडीचे मोदक मऊ, त्यांची अडचण नाही. अडचण आरत्यांची आणि रात्रभर चालणाऱ्या भजनाच्या बारीची आहे. तोंड पूर्ण उघडून तासन्‌तास गाणं आणि नुकतंच इंजेक्शन दिलेला सांधा यांचं जमत नाही. शिवाय पहिली फेरतपासणी सातव्या ते दहाव्या दिवशी असते, आणि नेमकी तेव्हाच परतीची गाडी. तुम्ही मुंबईत राहत असाल तर मुंबईतच करा, गणपतीनंतर. गावी राहत असाल तर दिवाळीनंतरचा काळ बरा : डेंग्यू-लेप्टो ओसरलेले, वीज बऱ्यापैकी टिकते, फेरतपासणीला जायला घाटरस्ते मोकळे. आधीच तोंड अडकलं असेल तर मात्र सणासाठी थांबू नका. त्या आठवड्यातच धुऊन घ्या आणि यंदा टाळ वाजवा, आरती दुसरे म्हणतील.